उलट्या पिळाचा दोर

१७ जानेवारी

चि. धाकटीस थोरलीचे अ. उ. आ. आणि पाठीत एक मायेचा धपाटा. वि. वि.

तर सगळ्यात आधी आली ती ढोलवाली. मी दारात पायपुसणं झटकत होते, मान वर केली तर ही पोरगी तिच्याहून मोठा ढोल पाठीवर घेऊन समोर उभी. मला वाटलं पिंप विकायला आली. मी तिला सांगून टाकलं की आमच्याकडे पिंप आहे आणि गळतही नाही. ती इतकी हसली की ढोलासकट पायरीवर बसली. मग म्हणाली, दोरखान्याची शेड कुठे आहे ते सांगा. तिच्या मागून बासरीवाला आला, तो त्याच्या बासरीएवढाच जाड. आणि शेवटी त्यांची मुख्य गाणारी बाई, केस मुलग्यासारखे कापलेले, पण आवाज असा की तिने नुसतं पाणी मागितलं तरी ऐकत राहावं.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि न ऐकता तू हो हो म्हणतेस, म्हणून हे पत्र. मागच्या वेळी मी माझा दात पडल्याचं सांगितलं तर तू म्हणालीस छान झालं.

गावात यंदा कलामहोत्सव भरलाय. नगरपालिकेतल्या अध्यक्षीणबाईंच्या डोक्यातून निघालं की तो आपल्या दोरखान्याच्या शेडमध्येच करायचा, कारण म्हणे ती शेड आता वारसा आहे. आपण तिथे तागाची धूळ खात राबत होतो तेव्हा ती नुसती शेड होती. आता पत्रे गळायला लागले तर वारसा झाली. या हिशेबाने मीही वारसाच. आणि खरंच, अध्यक्षीणबाई घरी येऊन मला म्हणाल्या की गाण्याच्या वेळी तुम्ही जुनं चाक फिरवून दाखवा. मी एकदा नाही म्हटलं, ते नुसतं दाखवायला. नवीन चपला घेतल्या. तुझ्या भाऊजींनी म्हातारपणी हौस बघा असं म्हटलं आणि स्वतः गुपचूप चाकाच्या आसाला तेल घालून आले. सुताराची जात, चाक कुरकुरलेलं कसं खपेल.

परवा कार्यक्रम झाला. शेडमध्ये खुर्च्या, दिवे, मागच्या दाराला पडदा. आपल्या वेळचे जे उरलेत ते सगळे पुढच्या रांगेत. आपल्याबरोबर ताग विंचरायची ती चाटेवाली आली होती, दोन्ही गुडघे गेलेत पण तोंड शाबूत आहे. मी चाकापाशी उभी. गाणारी बाई म्हणाली की आता आम्ही एक जुनं नावाड्यांचं गाणं म्हणतो, बंदरावर शिकलो. आणि तिने सुरू केलं,

चालतो मागे, बघतो पुढे, पाठीला नाही डोळा,
फिरव बाई चाक तुझं, ताग करू गोळा.

धाकटे, नावाड्यांचं कसलं, हे आपलं गाणं. पुढची रांग एकमेकांकडे बघायला लागली. माझा हात आपोआप चालू झाला, वेग सापडला, अंगात जणू पंचवीस वर्षांची बाई शिरली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांना पदर लावायचा तर हात मोकळा नव्हता.

मग घोटाळा झाला. त्या बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांनी गाणं संपवताना आवाज बारीक बारीक करत नेला, जसं मंचावर करतात, आणि मग एकदम गप्प. टाळ्यांची वाट बघत उभे. टाळी एकही नाही. मी चाक दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि पुढची अख्खी रांग उठून मागच्या दाराकडे पळत सुटली. चाटेवालीसुद्धा. तुझे भाऊजी काठी खुर्चीवर विसरून पळाले. खुर्च्या पडल्या, पडदा फाटला. अध्यक्षीणबाईंना वाटलं आग लागली, त्या ओरडायला लागल्या. आणि म्हातारे मागच्या दाराशी जाऊन उभे, तिथे कुणीच नाही, आणि आपण इथे का आलो हे कुणालाच सांगता येईना.

नंतर ढोलवालीला मीच समजावलं. दोर वळणारा कमरेला ताग गुंडाळून उलटा चालत जातो, शेड लांब आणि आत धुळीचा अंधार, चाकावरच्या बाईला तो दिसत नाही. त्याचा सूर ऐकू येतो तोवर तो बरा आहे. टोकाला, मागच्या दाराशी पोचला की दोर खुंटीला बांधायचा आणि 'बांधलं' अशी हाळी द्यायची, मग चाक सोडायचं. हाळी न देता गाणं थांबलं तर कुणाचा तरी हात अडकला समजायचं, चाक धरून ठेवायचं आणि बाकीच्यांनी धावायचं. पहिल्या दिवशी आपल्याला हेच शिकवलं होतं.

आता खरी गोष्ट. बसून वाच, उभी असशील तर. आवाज बारीक करायच्या आधीची जी शेवटची कडवी होती, त्यात एक कडवं आपल्या शेडमध्ये एकच माणूस म्हणायचा. तुझ्याच चाकावर. मी ते ऐकलं, म्हणून तर मी चाक इतकं गच्च धरलं होतं. अजून मनगट दुखतंय. भाऊजींना मी सांगितलेलं नाही. त्यांनाही ऐकू गेलं असेल तर तेही मला सांगत नाहीयेत.

तुझा नवरा त्या मागच्या दारातून गेला त्यानंतर तू या गावात पाऊल टाकलं नाहीस. मी कधी आग्रह केला नाही. आज करत नाही. पण मला सांग मी काय करू. ही मंडळी शाळेत मुलांना गाणी शिकवायला अजून तीनेक आठवडे इथेच आहेत.

माया आहे तेवढी राहू दे, उत्तर मात्र लवकर दे.
तुझी थोरली

&nbsp;

२२ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दुकानात हातात पडलं. काज करत होते, सुई कापडातच राहिली. लेकीने विचारलं मावशी बरी आहे ना, मी म्हटलं तिने नव्या चपला घेतल्या. खोटं तर नाही.

ताई, तू साऱ्या गावाच्या चपला, दात, खुर्च्या लिहिल्यास आणि ते कडवं लिहिलं नाहीस. शब्द लिही. एकही इकडचा तिकडे न करता. तोवर मी काही मानणार नाही. गाणं म्हणजे वारा, कुठूनही कुठे जातं. त्या माणसाच्या शेजारच्या ओळीत वळणारे चार जण होते, त्यातल्या कुणी ते बंदरावर नेलं असेल.

तू लिहिलंस की म्हातारे मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि तिथे कुणी नव्हतं. ताई, त्या दिवशीही असंच झालं होतं ना. गाणं बारीक होत गेलं, मग थांबलं, मी चाक धरलं आणि सगळे धावले. मी तिथेच उभी, कारण चाकवालीने हलायचं नसतं. मग तू परत आलीस आणि तुझ्या तोंडाकडे बघून मला कळलं. भाऊजींनी नदी धुंडाळली. सगळे धरून चालले की भोंगा नदीत गेला. (भोंगा म्हणायचे सगळे, त्याच्या आवाजावर घड्याळं लावायचे म्हणून. आता लिहिताना हात अडतो.) बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी रडले नाही म्हणून त्याच बायका मागून बोलल्या.

मी रडले नाही कारण मी खुंटी बघून आले होते. दोर नीट बांधलेला होता. त्याचीच गाठ, दोन वेढे आणि एक आत. मरायला निघालेला माणूस पीळ सुटू नये म्हणून गाठ मारत बसेल का. त्याने दोराची काळजी घेतली, माझी नाही. रांगती पोर होती घरात, तिची नाही. एवढं मला कळलं आणि मी पोरीला घेऊन गाव सोडलं. हे मी कुणाला बोलले नव्हते. तुलाही नाही. नदीत गेलेल्याची बायको होणं, टाकलेली होण्यापेक्षा बरं वाटलं असेल म्हण.

ढोलवालीला आणि कुणालाच काही विचारू नकोस. किंवा विचार. मला काही सुचत नाही. दोन दिवस मी काजं उजव्या बाजूला करतेय, गिऱ्हाईकं शर्ट परत आणतायत.

तुझं माझ्यावर प्रेम आहे तसं असू दे, पण हातभर जीभ आवर.
तुझी धाकटी

&nbsp;

२७ जानेवारी

चि. धाकटीस अ. उ. आ. वि. वि.

तू विचारू नकोस आणि किंवा विचार असं एका दमात लिहिलंस, त्यातलं मला सोयीचं ते मी वाचलं.

आधी कडवं.

जगाचं चाक उजवीकडे, माझीचं फिरतं डावं,
उलट्या पिळाच्या दोराला कुणी काय म्हणावं.

झालं समाधान? तू डावरी म्हणून तुझा दोर उलट्या पिळाचा व्हायचा. तो दुसऱ्या दोराशी जोडला की दोन्ही उसवायचे, म्हणून मुकादम तुझ्या नावाने खडे फोडायचा आणि दोर वेगळा ठेवायला लावायचा. भोंग्याने कधी मुकादमाला उत्तर दिलं नाही, हे कडवं केलं आणि त्याच्या समोरून उलटा चालत म्हणत गेला. मुकादमाला राग आला पण गाणं थांबवता येईना, कारण थांबवलं तर शेड धावत येणार. बाकी वळणाऱ्यांनी हे कडवं कधी तोंडात घेतलं नाही. दुसऱ्याच्या बायकोचं कडवं कोण म्हणेल.

मी तिघांना चहाला बोलावलं. भाऊजींना बाजारात पाठवलं, तर ते कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले आणि दाराआड उभे राहिले. त्यांच्या चपला बाहेर दिसत होत्या. मी गाणाऱ्या बाईला साधंच विचारलं की हे नावाड्यांचं गाणं कुणी शिकवलं. ती म्हणाली बंदरावर एक आजोबा आहेत, जाळी दुरुस्त करतात, नावेचे दोर तपासून देतात. आवाज अजून असा की धक्क्यावरची गलबतं ऐकत थांबतात. मी म्हटलं, असेल. म्हातारे गातातच. तेवढ्यात बासरीवाला हसत म्हणाला, पण त्यांची एक खोड आहे, गाताना ते उलटे चालतात. धक्क्याच्या टोकापर्यंत, पाठीकडे न बघता. बघणाऱ्याचं काळीज तोंडात येतं, पण ते कधी पडले नाहीत.

धाकटे, मी चहाचं भांडं खाली ठेवलं. दाराआडून भाऊजी बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले. मी त्यांना पाणी दिलं, त्यांनी ते मला दिलं. मग मी त्या तिघांना सगळं सांगितलं. जीभ आवर म्हणालीस तेव्हा ती हातभर होती, आता वावभर झाली, रागवायचं तर एकदाच रागव. ढोलवाली रडायला लागली. बासरीवाल्याने बासरी पिशवीत घातली, काढली, परत घातली. गाणारी बाई एकच म्हणत राहिली की आम्ही ते दिवसरात्र म्हणतोय, आणि आम्हाला वाटलं ते समुद्राचं आहे.

मग तिने माझ्यासमोरच बंदरावर फोन लावला. जाळीवाल्या आजोबांना बोलवा म्हणाली. तो आला. मी फोन हातात घेतला नाही, माझी हिंमत झाली नाही, ती बाईच बोलली. म्हणाली, आम्ही दोरखान्याच्या गावात आहोत, चाकवालीच्या थोरल्या बहिणीच्या घरी. पलीकडे नुसती लाटांची सूं सूं. मग त्याने पहिला प्रश्न काय विचारला असेल. तुझं नाही, पोरीचं नाही. त्याने विचारलं, त्या दिवशीच्या दोराचं पुढे काय झालं, तो कुणी उसवला तर नाही ना. आणि फोन ठेवला.

मी इतकी संतापले की चाटेवालीच्या तोंडच्या शिव्या दिल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते ह्यालाच.

पण सकाळी त्याने स्वतः फोन केला. या वेळी मी घेतला. हळू बोलत होता, भोंगा वाटेचना. म्हणाला, त्या सकाळी मुकादमाने सांगितलं होतं की मशीन येतंय, आता उलटं चालायला नको आणि गायला नको. त्याला दुसरं काही येत नव्हतं. बंदरावर काम बघून बोलावून घेऊ असं ठरवून तो दारातून बाहेर पडला. सांगून निघालो असतो तर तिने अडवलं असतं, म्हणाला. काम मिळायला फार वेळ गेला. मग आज जाऊ उद्या जाऊ. मग लाज एवढी मोठी झाली की ती ओलांडायला वाट उरली नाही. मग त्याच्या कानावर आलं की गावाने त्याला नदीत बुडवलंय, आणि त्याला वाटलं तेच बरं. मी त्याला बरं वाईट खूप बोलले. त्याने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, ती अजून डाव्या हाताने करते का सगळं.

मी सांगितलं, तिलाच विचार. आता दोराचं टोक तुझ्या हातात दिलंय. डाव्या.

राग आला तरी लोभ ठेव. तो मला लागतो.
तुझी थोरली

&nbsp;

३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावले. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि जास्त रागावले. कुणावर ते मला ठरवता येत नाही.

लेकीला सांगितलं. आधी नाही सांगणार होते, पण ती शिलाई मशीनवरून उठून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, आई, तू चपलांबद्दल एवढी गप्प बसत नाहीस. सगळं सांगून झालं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, म्हणजे मला बाप आहे, आणि तो गातो. मग उठून एक अख्खा कोट उसवला आणि परत शिवला. माझ्यासारखीच आहे. तिला धक्का बसला की हात चालतात.

आजूबाजूच्यांना काय सांगायचं तेही तिनेच ठरवलं. म्हणाली, तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस, लोकांनी समजून घेतलं होतं. आता लोकच परत समजून घेतील.

ताई, मला रात्रंदिवस एकच येतंय डोळ्यांपुढे. दोराचं काय झालं विचारलं म्हणून तू त्याला शिव्या दिल्यास. मीही पहिल्यांदा दिल्या, मनात, तुझ्याहून घाण. मग मला आठवलं की तो दोर आम्हा दोघांचा शेवटचा होता. माझ्या चाकावर वळलेला, उलट्या पिळाचा, दुसऱ्या कुणाच्या कामाचा नसलेला. मुकादमाने तो उसवून ताग परत वापरला असता. म्हणून गाव सोडताना तो मी खुंटीवरून काढून आणला. इतकी वर्षं या घरात त्याच्यावर कपडे वाळतात. गाठ मी सोडलेली नाही, टोकाला तशीच आहे. लेक लहानपणी तिला धरून झोके घ्यायची. तू माझ्या घरी आलीस तेव्हा त्याच दोरीवर तुझा टॉवेल वाळत घातलास आणि म्हणालीस, दोर चांगला आहे, कुठून घेतला.

तेव्हा ह्यांना सांग, कुणी उसवला नाही.

आणि मी येणार आहे. पण माझं एक ऐकायचं. बोलणं, माफी, अध्यक्षीणबाईंचे हार, काही नको. भाऊजींनी चाक नीट लावून ठेवायचं. पडदा काढून मागचं दार मोकळं करायचं. मी चाकावर, डाव्या हाताने. ह्यांनी ताग कमरेला बांधून उलटं चालायचं, वयाला झेपेल तसं. सगळी कडवी म्हणायची, मुकादमाच्या समोर म्हणायचे तेही. टोकाला पोचल्यावर बांधायचं, आणि हाळी द्यायची. त्या दिवशी बांधलं होतं, पण हाळी दिली नव्हती. ताई, हाळी आल्याशिवाय चाक सोडायचं नसतं. मी अजून सोडलेलं नाही. माझे हात दुखतात.

हाळी ऐकल्यावर मी काय करेन ते मला माहीत नाही. कदाचित पुढच्या गाडीने परत येईन. कदाचित धावत जाईन, कारण चाकवालीचं तेवढंच राहून गेलंय. तुम्ही सगळे तेव्हा जागेवर बसून राहायचं. चाटेवालीला खुर्चीला बांध.

माझ्यावर आहे तेवढी माया पुरे, जास्त केलीस तर मी येताना रडेन.
तुझी धाकटी

&nbsp;

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ. वि. वि.

तो टॉवेल मला आठवतोय. मी त्या दोरीचं कौतुक केलं आणि तू म्हणालीस, जुनीच आहे. मला माझ्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. इतक्या वर्षांत तू माझ्यापासून एवढी एक गोष्ट लपवलीस आणि ती माझ्याच ओल्या टॉवेलखाली.

तुझा निरोप फोनवर सांगितला. कुणी उसवला नाही, एवढंच आधी. त्याने ते मला पुन्हा सांगायला लावलं. मग तुझी अट सांगितली. म्हणाला, हाळी द्यायला आवाज पुरेल का माहीत नाही. मी म्हटलं, गलबतं थांबवतोस ना, मग एका बाईला ऐकू जाईल एवढं दे, तिला तसंही कमी ऐकू येतं. तो हसला. मग हसता हसताच त्याला रडू फुटलं आणि मी फोन शेजारच्या गाणाऱ्या बाईच्या हातात दिला.

भाऊजी रोज शेडमध्ये जातायत. चाकाची मूठ त्यांनी डाव्या हाताला बसेल अशी फिरवून लावली आणि मला येऊन दाखवली, जशी काही नवीन नवरी. तागाची गठडी बासरीवाल्याने कुठून तरी मिळवली. अध्यक्षीणबाईंना कळलं तर त्या मोठा कार्यक्रम करू म्हणाल्या, मी सांगितलं की बाई, तुमचा वारसा झाला, आता आमचं काम आहे. मग हळूच म्हणाल्या, मागे उभं राहून ऐकलं तर चालेल का. मी हो म्हटलं. तेवढं चालेल ना?

चाटेवालीला खुर्चीला बांधायचं सांगितलं तर तिने विचारलं, दोर कुठला वापरणार. उलट्या पिळाचा सांगितल्यावर म्हणाली, मग चालेल, तो सुटत नाही.

मला अजून खरं वाटत नाही. सकाळी उठते, पायपुसणं झटकते, आणि दाराकडे बघत राहते की हे सगळं एका पिंपवालीमुळे झालं. लेकीला आण. दोर काढून आण, गाठीसकट. कपडे दोन दिवस खिडकीवर वाळतील.

मंडळी आज सकाळी बंदराकडे निघाली. ढोलवाली सगळ्यात शेवटी निघाली, जिने पहिल्यांदा पाऊल टाकलं तीच. पायरीवर थांबून तिने मला वाकून नमस्कार केला, ढोलासकट, आणि दोघी पडता पडता वाचलो. तिने शब्द दिलाय. त्याला घेऊन परत येणार, मार्चच्या पहिल्या रविवारी, सकाळी, मागच्या दारातून ऊन आत येतं त्या वेळेला.

तुझ्या येण्याकडे डोळे लावून,
तुझी थोरली